पायाला बांधलेले कांदे

माझा गुडघा खो-खोच्या खांबापाशी गेला. तोही खेळताना नव्हे, खेळून दाखवताना. आठवीच्या मुली खांब धरून वळताना उगाच आखडत होत्या, आणि माझा स्वभाव म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी. "सरा बाजूला, वळायचं कसं ते बघा," म्हणत मी पदर खोचला, कॅनव्हासचे बूट वाजवत धावत गेले आणि खांबाला हात घातला. वरचं अंग वळलं, पाय होता तिथेच राहिला. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि पाय अर्धा वाकलेल्या स्थितीत अडकून बसला. मुलींना वाटलं, वळायचं ते असंच. दोघी-तिघींनी पाय तसा धरूनही पाहिला. पुढे जे घडलं त्याची चुणूक खरं तर तेव्हाच मिळाली होती, पण कळवळणाऱ्या माणसाला चुणूक कुठली कळायला!

ही एकोणीसशे सत्तरनंतरची, नाशिकमधली गोष्ट. मी एका मुलींच्या शाळेत पी. टी. शिकवायचे. द्वारका चौकाच्या पुढे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. आमचे हे कचेरीत कारकून. मी घरी चालत निघाले की चार घरं ओलांडेपर्यंत गुडघा दोनदा अडकायचा, मग रस्त्यात उभं राहून पाय झटकून सोडवावा लागायचा. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. तुमची फाटलीय. तिचा तुकडा सांध्यात अडकतो. ऑपरेशन करून काढावा लागेल."

"गादीशिवाय गुडघा चालतो?" मी विचारलं.

"चालतो. व्यायाम नेमानं केलात तर पळतोसुद्धा."

त्या 'पळतोसुद्धा'वर विसंबून मी गणपती उठल्यावर ऑपरेशन करून घेतलं.

दवाखान्यात आमच्या मुख्याध्यापिका मोसंबी घेऊन भेटायला आल्या. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. बाई प्रेमळ होत्या, पण हिशेबी प्रेमळ. मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या, "तुमची शिट्टी मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. मैदान काही गडबडीनं होत नसतं. आपल्या शिवणाच्या बाई उन्हाळ्यात रिटायर होताहेत. सव्वीस जानेवारीच्या लेझीमला तुम्ही स्वतः मुलींच्या पुढे नाचलात, तर जूनपासून पी. टी. तुमचीच. नाही जमलं तर शिवण घ्या. पगार तोच आणि काम बसून करायचं."

ही गोष्ट त्या माझ्या भल्यासाठी बोलत होत्या, म्हणून मला जास्तच राग आला. माझं शिवण कसं, तर एकदा ह्यांच्या शर्टाचं बटण लावताना मी खिसाही सोबत शिवून टाकला होता. आणि मैदान म्हणजे माझा जीव की प्राण. सकाळच्या उन्हात शिट्टी फुंकली की शंभर वेण्या एकदम वळायच्या. ते सोडून मी काजं करत बसू? मोसंबीची फोड मला गिळवेना.

ऑपरेशनचं कळताच देवळ्याहून सासूबाई आल्या. सोबत कांद्यांचं एक पोतं. तिकडचा माणूस नाशिकला रिकाम्या हातानं यायचा नाही आणि कांद्याशिवाय दुसरं आणायचाही नाही. मोठ्या बाईंचं बोलणं ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. "लय चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "शिवण म्हणजे कसं बाईमाणसाचं काम." गावात त्या सांगायच्या, सून शाळेत शिकवते. काय शिकवते, हे कधी सांगायच्या नाहीत. सून मैदानावर शिट्टी फुंकते हे त्यांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं. कोणी खोदून विचारलं की त्या कांद्याच्या भावाकडे वळायच्या.

सासूबाई माणूस म्हणून मात्र सोनं, माझं सगळं त्याच करायच्या. मांडीपासून पोटरीपर्यंत माझ्या पायाला कापसाचं आणि पट्ट्यांचं बोचकं होतं, उकिडवं बसण्याचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी एका जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून आणलं आणि ती संडासात नेऊन ठेवली. त्या खुर्चीची सगळ्या क्वार्टर्समध्ये चर्चा झाली. शेजारच्या बाया माझी विचारपूस करायला येत आणि खुर्ची बघून जात.

पट्ट्या निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम दिले. टेबलावर पाय सोडून बसायचं, पावलाला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय सरळ वर उचलायचा. वाळलेली मांडी भरून येईल तसतशी वाळू वाढवायची. हे वाळू आणायला निघाले तर सासूबाई दारात आडव्या. "घरात वाळू? गल्लीतली सारी मांजरं येतीन इथं!" हे म्हणाले, मग काय बांधायचं? त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं.

अशा रीतीनं माझ्या पायाला कांदे लागले. बाजाराची जुनी खादीची पिशवी, तिचे बंद घोट्याला गुंडाळायचे. पहिल्या दिवशी चार कांदे होते आणि ते उचलताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांनी लगेच विचारलं, "कांद्यानं की गुडघ्यानं?" मी हाताशी होता तो पेला फेकला. पेला पितळी होता, म्हणून वाचला.

मग रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ मी टेबलावर बसून पाय वरखाली करायचे आणि सासूबाई चुलीपाशी बसून "अजून एक, अजून एक" म्हणायच्या. त्यांना शिवणकाम हवं होतं, पण गुडघाही बरा व्हायला हवा होता. ह्या दोन इच्छा एकमेकींच्या मुळावर आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी त्यांनी कांदे कमी केले नाहीत. भाजीला कांदा कमी पडला की खुशाल माझ्या पायातला काढून घ्यायच्या आणि संध्याकाळी आठवणीनं दोन जास्त घालायच्या. डॉक्टरांनी मांडी चाचपून पाहिली, खूश झाले आणि "वजन काय वापरता?" म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते हसता हसता खुर्चीवरून उठले आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना सांगून आले.

दिवाळीनंतर मी काठी घेऊन शाळेत जाऊ लागले. लेझीमला आठवीच्या कोऱ्या मुली होत्या, कारण आधीचा तयार संच मॅट्रिकच्या अभ्यासाला बसला होता. मला दिवस वाया घालवायचा नव्हता. शिट्टी ड्रॉवरमध्ये, म्हणून मी तोंडानं आकडे मोजायचे. शाळेचे शिपाईमामा ढोल धरायचे. मी मुलींकडे पाठ करून उभी राहायचे, म्हणजे माझा उजवा तो त्यांचा उजवा. शिकवण्याची माझी रीत एकच. समजावून सांगणं मला जमत नाही. "तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. मी करते तस्संच करायचं. आपली अक्कल घालायची नाही." एखादीनं आपली अक्कल घातलीच तर मी सगळ्यांना पहिल्यापासून करायला लावायचे.

पाठ फिरवून दाखवून झालं की मी खुर्चीत बसायचे आणि मुलींचे हात बघायचे. कोऱ्या मुलींची लेझीम एकत्र कधी वाजत नाही, वाटाण्याचा डबा सांडल्यासारखी वाजते. ते सगळे आवाज एका ठोक्यावर आणता आणता माझा डिसेंबर गेला. पाय बरे पडत होते, म्हणजे सगळ्यांचे एका वेळी पडत होते. तेवढ्यावर मी समाधानी होते. माझा स्वतःचा गुडघाही आता चांगला वाकू लागला होता. काठी सुटली होती.

जानेवारी लागला तसं मोठ्या बाईंनी तालीम बघायला येते म्हणून कळवलं. त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मला शेजारी बोलावलं. इतके दिवस मी मुलींसमोर होते, कडेनं पहिल्यांदाच बघत होते. ढोल सुरू झाला. रांग पुढे सरकली. प्रत्येक मुलीनं उजवा पाय न वाकवता बाहेरून अर्धगोल फिरवून आणला, टाच टेकली आणि कमरेतून डावीकडे कलली. मग बैठक आली. सगळ्याजणी डाव्या पायावर बसल्या आणि उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे.

माझं लंगडणं! माझ्या न वाकणाऱ्या गुडघ्याची एकूण एक लकब! दोन महिने मी ज्या पायाची लाज वाटून घेत होते, तो पाय सबंध मैदानभर नाचत होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडात होतं ते सगळं पोहऱ्यात आलं होतं. मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, कारण शिट्टी गेली हे मला स्पष्ट दिसत होतं.

 मोठ्या बाईंनी एका मुलीला हाक मारली. "पाय असा का टाकता गं?"

"आमच्या बाईंचा पवित्रा आहे, बाई," ती छाती काढून म्हणाली. "दुसऱ्या कुठल्याच शाळेत नाही."

मोठ्या बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी मला रोज चालताना पाहिलं होतं, त्यांना काय कळायचं राहिलं असणार! मी म्हणाले, "आठ-दहा दिवसांत सुधारते."

"आता सुधारायला जाल तर निम्म्या जुनं करतील, निम्म्या नवं," त्या म्हणाल्या. "एकसारखं आहे, असू द्या. पण तुम्ही पुढे असणार ना? मग तुम्हालाही तस्संच करावं लागेल." आणि चष्मा पुसत निघून गेल्या. शिट्टीबद्दल हो की नाही, काहीच नाही.

झालं! इतक्या खटपटीनं सरळ केलेला पाय आता मला पुन्हा लंगडा करायचा होता. आणि गंमत अशी की तो होईना. गुडघा जिथे तिथे वाकायचा. घरी येऊन मी पुढच्या खोलीत सराव करू लागले. पाय आखडायचा, बाहेरून फिरवायचा, टाच टेकायची, कलायचं. सासूबाई भाकरी टाकून धावत आल्या. राग आला किंवा घाबरल्या की त्या थेट अहिराणीत शिरायच्या.

"काय करी राहिनी तू? परत गेला का पाय?"

"नाही हो आई, मुद्दाम करतेय."

"मुद्दाम कोणी लंगडतं का?" त्यांनी मला हाताला धरून टेबलावर बसवलं आणि काढून ठेवलेली पिशवी गच्च भरून पायाला बांधली. मी सगळी हकिगत सांगितली, ह्यांनीही सांगितली. त्यांचा विश्वास बसला नाही. लेझीम होईपर्यंत रोज संध्याकाळी माझ्या बऱ्या पायाला कांदे होते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळा एकेक करून मैदानात उतरू लागल्या. हे आणि सासूबाई कडेच्या गर्दीत दोरीपाशी उभे होते. लेझीम बघायला नव्हे, माझा पाय बघायला आपण आलो, असं सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. आमच्या मुली हिरव्या नऊवारीत होत्या, मी पुढे. ढोल घुमला आणि माझ्या पायानं दगा दिला. पहिल्याच पावलाला तो आपला सुरेख वाकला, जसा कित्येक महिन्यांत वाकला नव्हता. मागे सगळ्या रांगेची टाच एकदम टेकली आणि मी एकटी वेगळी पडले. नेणारीच चुकली! तेवढ्यात मागून पहिल्या रांगेतली एक कुजबुजली, "बाई, आपली अक्कल नको."

मला असं हसू आलं की भीती कुठल्या कुठे पळाली. पाय आखडला, बाहेरून फिरवला आणि मग शेवटपर्यंत मी मनसोक्त लंगडले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बैठकीला सगळ्यांचे उजवे पाय एकदम पुढे आले, तसा गर्दीतून माझ्या ओळखीचा खणखणीत आवाज आला.

"अगं माय! साऱ्याच पोरींचे गुडघे गेले! इतके कांदे आणू कुठून?"

आसपासचे लोक वळून बघू लागले. हे तोंड लपवत होते. मी तशीच एका पायावर बसून हसत होते आणि मुलींना वाटलं की हसायचंही असतं, म्हणून त्याही हसल्या. पाहुण्यांनी नंतर मोठ्या बाईंना विचारलं म्हणे, मुलींना इतकं आनंदानं नाचायला कोण शिकवतं?

जिलेबी वाटणं चाललं होतं तेव्हा मोठ्या बाई आमच्याजवळ आल्या. त्यांनी पर्स उघडली आणि शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. दोरी नवी होती, लाल. म्हणजे आदल्या दिवशीच कधीतरी त्यांनी ती बाजारातून आणून ओवली होती, मी नाचण्याच्या आधी. "शिवणाला दुसरं कोणी बघते," एवढंच म्हणून त्या पाहुण्यांकडे गेल्या. माझे डोळे भरून आले. सासूबाईंसमोर मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा, आणि ह्या वेळी कांदा की गुडघा म्हणून ह्यांनीही विचारलं नाही.

मला वाटलं, सासूबाईंचं तोंड उतरणार. त्यांनी जिलेबीचा चिकट हात पदराला पुसला, शिट्टी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"वाजव ना एकदा," त्या म्हणाल्या. "मी अजून ऐकलीच नाय."