गुरुवारची तक्रार

निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "इतकी वर्षं त्या खोलीत केलंस तरी काय?" काय सांगू, कपाळ! नारायण पेठेतल्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली 'विद्यार्थी कल्याण' अशी पाटी लावलेली एक खोली होती. शिष्यवृत्त्या, योगासनं, समाजसेवा, ज्याला दुसरीकडे कुठे जागा नाही ते सगळं आमच्याकडे. आम्ही तिघं: वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता आमचे प्रमुख झालेले लिमये सर, शिपाई नामदेवमामा आणि मी. तिथे खुर्च्या कमी पडायच्या, किस्से कधीच नाही.

*

एका गृहस्थांनी आईच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली होती. अट एकच, मुलानं आईंच्या पुण्यतिथीला घरी जेवायला यायचं. एका वर्षी ती बीडकडच्या मारुतीला मिळाली. होस्टेलच्या मेसवर दिवस काढणारं पोरगं ते! खीर काय, वडे काय, त्यानं हात आखडलाच नाही. घरच्या बाईंना कुकर पुन्हा लावावा लागला, असं आमच्या कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन. मी म्हटलं, संपलं! गेली शिष्यवृत्ती!

ते म्हणाले, "पुढच्या वर्षीही याच मुलाला द्या. आई गेल्यापासून आमच्याकडे इतकं मनापासून कोणी जेवलं नव्हतं."

लिमये सर मला म्हणाले, "लिहून ठेवा. गुणवत्ता म्हणतात ती हीच."

*

मग वेलनेसची साथ आली. प्राचार्यांचा हुकूम, मुलांचा ताण कमी करा! हॉलमध्ये योगवर्ग ठेवला. पडदे ओढले, सगळे शवासनात. लिमये सर 'मुलांना उत्तेजन' म्हणून पहिल्या रांगेत आडवे. शिकवणाऱ्या बाईंना दुसरा वर्ग होता, त्या पाय न वाजवता निघून गेल्या.

नामदेवमामा आले. अंधार, चिटपाखरू हलत नाही. त्यांना वाटलं, कार्यक्रम आटपला. त्यांनी बाहेरून कुलूप लावलं आणि गेले जेवायला!

चूक कळल्यावर मी धावत गेले. खिडकीतून हाका मारल्या, "सर! मामा किल्ली आणताहेत!"

आतून जांभई देत सर म्हणाले, "घाई नको म्हणावं. पुढचा तास माझाच आहे."

*

गणपतीत आमची मुलं चौकात स्वयंसेवक म्हणून उभी राहायची. शिट्टी, दंडाला पट्टी, रुबाब विचारू नका. एक नऊवारीतल्या आजी लाल सिग्नलला रस्ता ओलांडायला निघाल्या. आमचा मुलगा ओरडला, "आजी, सिग्नल लाल आहे!"

"दिसतोय मला," आजी चालता चालता म्हणाल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तू वाजव तुझी शिट्टी."

*

पण आमच्या खोलीचं खरं दैवत म्हणजे कसबा पेठेतले पटवर्धनकाका. पोस्टातून निवृत्त, एकटे, नजर गेलेली. आमची मुलं दर गुरुवारी अशा म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायची. गुरुवार संपत आला की काकांचा फोन यायचाच.

पहिल्या मुलाबद्दल: "चपला दारात आडव्या काढतो. बदला."

दुसऱ्याबद्दल: "निधनवार्ता हसऱ्या आवाजात वाचतो. बदला."

तिसरा मुलगा मी मुद्दाम निवडून पाठवला. वेळेवर जाणारा, नम्र, आवाज खणखणीत. फोन आलाच! "अहो, तो फार गोड बोलतो. संशय येतो. बदला!"

मी चिडून रिसीव्हर आपटला. यांच्याकडे पाठवायला आता कोण उरलंय? उरली होती मंगल.

*

मंगल वाघोलीची. तेव्हा वाघोली म्हणजे शेतं, आणि त्यांमधून येणारी धुळीनं माखलेली बस. पोरगी हुशार, पण तोंडातून शब्द काढायची नाही. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर मार्गशीर्षात लग्न. ते सांगतानासुद्धा ती जमिनीकडे बघत होती.

तिला काकांकडे पाठवलं. पहिला गुरुवार गेला, फोन नाही. पुढचा गेला, नाही. लिमये सर अस्वस्थ! "मामा, जाऊन बघा बरं. काका बरे आहेत ना?"

मामा घाम पुसत परत आले. "बसल्यात दोघं. पोरगी वाचतीया, म्हातारा ऐकतोय. भांडान न्हाई."

*

आणि शिष्यवृत्तीच्या मुलाखती नेमक्या गुरुवारी आल्या. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष सदाशिव पेठेतले निवृत्त न्यायाधीश. आमच्याच खोलीत बसले. मंगल समोर.

"आपण कॉलेजात अभ्यासाखेरीज काय केलंत?"

मंगल गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. अगं बोल ना, मी मनात ओरडत होते. मी तोंड उघडणार, तोच सरांनी डोळे वटारले. मुलाखतीत आम्ही मध्ये बोलायचं नाही, नियम म्हणजे नियम!

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "जी स्वतःबद्दल एक वाक्य बोलत नाही, तिला आम्ही कशाच्या जोरावर द्यायची?"

तेवढ्यात दारावर काठी वाजली. पटवर्धनकाका! रिक्षा करून थेट आले होते.

"आज गुरुवार आहे," काका कडाडले. "माझी वाचणारी कुठे आहे?"

मंगल ताडकन उठली. "अवं काका, एकटंच आलात व्हय? एवढ्या उन्हाचं?" आणि कोणाला न विचारता तिनं त्यांचा हात धरून त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मामांनी आणलेल्या चहातला एक कप त्यांच्या हातात दिला.

"हे कोण?" अध्यक्ष म्हणाले.

सर म्हणाले, "मंगल यांना दर गुरुवारी पेपर वाचून दाखवते, साहेब."

अध्यक्ष काकांकडे वळले. "मग आपणच सांगा. या मुलीबद्दल आपलं काय म्हणणं आहे?"

लिमये सरांनी डोळे मिटले. नामदेवमामा ट्रे धरून दारातच थिजले.

काकांनी घसा खाकरला.

"तक्रार नाही."

मामांच्या ट्रेमधले कप खडखडले. सर उठून उभेच राहिले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं, मग मंगलकडे. आणि पुन्हा पेन उचललं.

"मग आमचीही नाही. मंजूर."

मंगल ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. मीही रडले, कशाला खोटं बोलू!

काकांनी चहाचा घोट घेतला.

"चहा मात्र गार आहे," ते म्हणाले.