दोन दारांची गाडी

आमच्या ह्यांना वांगी आणायला कधी पाठवू नये. मी एकदा पाठवलं होतं. तुळजापूरच्या बाजारात दोन टोपल्यांच्या मध्ये उभं राहून ह्यांनी आधी काळ्या वांग्यांची बाजू मांडली, मग हिरव्या वांग्यांची. दोन्ही बाजू इतक्या चोख निघाल्या की शेवटी रिकामी पिशवी हलवत घरी आले. त्या दिवशी आम्ही पिठल्यावर भागवलं.

वसंतराव वकील म्हटलं की उस्मानाबादच्या कोर्टात कुणीही ओळखेल. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहिलं तर चालतं, असं माझं मी ठरवून टाकलंय. वकिली शिकले हैदराबादेत, तीही उर्दूतून. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, कोर्टाची भाषा बदलली, ह्यांची जीभ काही बदलली नाही. वादीला अजून मुद्दई म्हणतात आणि प्रतिवादीला मुद्दालेह. अशिलाला खोटं बोलायला शिकवत नाहीत, त्यामुळं वकिली बेताचीच चालते. माणूस मात्र लाखात एक. रागावणं ठाऊक नाही. आईसमोर कधी आवाज चढवला नाही.

आईसमोर माझ्याशी बोललेही नाहीत, हे मात्र खरं. आमच्या घरची रीतच तशी. मी ताटाशेजारी वाढायला उभी असले तरी हे म्हणणार, "आई, हिला म्हणावं, जरा आमटी वाढ." मग सासूबाई मला सांगणार आणि मी वाढणार. टांग्यात हे पुढं टांगेवाल्याशेजारी, मी आणि सासूबाई मागं. बसमध्ये हे ड्रायव्हरच्या पाठीमागं, मी बायकांच्या बाकावर. लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि ह्यांची पाठ मला तोंडापेक्षा जास्त पाठ झाली होती.

मला ह्यांच्या शेजारी बसायचं होतं. पाटल्या नकोत, शालू नको. एकदा ह्यांच्या शेजारी बसून समोरचा रस्ता बघावा आणि सुचेल ते बोलावं, एवढीच हौस होती. पण असली हौस सांगायची कुणाला?

मग गाडीचा विषय निघाला. रोज तुळजापूरहून उस्मानाबादला जायचं म्हणजे बसच्या मर्जीवर. एकदा बस वाटेत बंद पडली आणि हे पोचले तेव्हा कोर्टात हाकिमांनी पुढची तारीख देऊन टाकलेली. गाडी घ्यायचीच, असं घरात ठरलं. सगळे म्हणाले, जुनी जीप घ्या. पण ह्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. हैदराबादेत शिकत असताना आबिद रोडवर उभं राहून नवाबांच्या गाड्या बघायचं ह्यांना वेड होतं. लांब नाकाची, दोन दारांची, वाऱ्यासारखी पळणारी. इंग्रजीत तिला स्पोर्ट्स कूप म्हणतात, हे मला ह्यांच्याकडूनच कळलं. "गाडी घ्यायची तर दोन दारांची," असं ह्यांनी आईला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा ह्यांनी एखादी गोष्ट एका झटक्यात ठरवली होती, आणि तीही असली. मला हसू आवरेना.

योग असा, की तशा दोन गाड्या माझ्या माहेरीच, जळकोटला, विकायला उभ्या होत्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून बंडप्पाचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. जहागिऱ्या गेल्यावर कुण्या जहागीरदारानं एक हिरवी गाडी त्याच्याकडं विकायला लावली होती. दुसरी निळी. सोलापूरच्या गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती देऊन गेला होता. हे दोन्ही बघून आले आणि आमच्या घरात खटला उभा राहिला. हिरवी झाली मुद्दई, निळी झाली मुद्दालेह.

हिरवी जुनी, पण उंच चाकांची. वाटेतले दगड तिच्या पोटाखालून जातील. इंजिन दमदार, पण पेट्रोल फार पिते आणि सकाळी दांडा फिरवल्याशिवाय उठत नाही. पुढं दोघांची जागा, आणि मागची पेटी उघडली की तिच्यात उघड्यावर आणखी दोघांची बैठक. तिला डिकी म्हणायचं. निळी नवी, बंद टपाची, देखणी. बटण दाबलं की चालू. पण जमिनीला इतकी लागून की कोंबडीसुद्धा खालून जाणार नाही. पाऊस आला तर टपाच्या कोपऱ्यातून गळते. आणि जागा दोघांची. मागं काही नाही.

रोज जेवणाआधी हे मुद्दईची बाजू मांडत आणि जेवणानंतर मुद्दालेहची. सासूबाई पाटावर बसून हाकिमासारख्या ऐकत. त्यांचं नाव चंद्रप्रभा. नाव शीतल असलं तरी न्यायाला कडक. महिनाभर ऐकून त्यांनी विचारलं, बसायचं कोण कुठं? हे म्हणाले, हिरवीत तू पुढं माझ्याशेजारी, ही मागं डिकीत. सासूबाई म्हणाल्या, "मग हिरवीच घे. बाईमाणूस मागंच शोभतं. नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून पेठेतून गेलेलं मला चालायचं नाही." हे मान डोलवत राहिले. मी भांडी गोळा करत होते. त्या दिवशी वाटीसुद्धा मला जड वाटली.

वर सासूबाईंचा हुकूम झाला, की घेण्याआधी शामलाला, म्हणजे मला, डिकीत बसवून बघ, नीट बसता येतं का. म्हणून हे मला घेऊन जळकोटला निघाले. निघालो बसनंच. हे पुढं, मी बायकांत.

बंडप्पानं हिरवी पुसून ठेवली होती. माहेरची माणसं, शेजारीपाजारी सगळे बघायला जमलेले. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पाय देऊन, लुगडं सावरत, मी त्या पेटीत चढले. नळदुर्गापर्यंत जाऊन यायचं ठरलं. गाडी सुटली आणि रस्त्यावरची सगळी धूळ माझ्या डोळ्यांत आली. पदर दातात धरला, एका हातानं कड धरली. समोर टपाच्या पाठीला वहीच्या पानाएवढी काच होती. तिच्यातून ह्यांचा कान दिसत होता. थोड्या वेळानं लक्षात आलं, की हे बोलतायत. मान हलतेय, एक हात चाकावरून सुटून कोर्टातल्यासारखा फिरतोय. अखंड बोलणं चाललंय. बाजारापासून घरापर्यंत कधी एक शब्द न बोलणारा माणूस भरभरून बोलत होता आणि मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी काचेला डोळा लावून पाहिलं. पुढची शेजारची जागा मोकळी होती. तिच्यावर ह्यांची टोपी ठेवलेली. त्या टोपीचा मला इतका संताप आला की डोळ्यांतली धूळ निम्मी वाहून गेली.

नळदुर्गाच्या किल्ल्याजवळ गाडी थांबली. हे उतरून मागं आले. चेहरा खुललेला.

"मग? तुला काय वाटतं?"

"कशाचं?"

"आत्ता मी एवढं सांगितलं त्याचं."

"मला काही ऐकू आलं नाही."

"काहीच नाही?"

मी मान हलवली. हे माझ्या धुळीनं माखलेल्या तोंडाकडं बघत राहिले. मग पुढच्या जागेकडं बघितलं.

"म्हणजे मी सबंध रस्ताभर टोपीशी बोललो," म्हणाले.

काय बोलत होतात म्हणून विचारलं तर "राहू दे" एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर मात्र काचेतून दिसणारी मान अजिबात हलली नाही.

दुकानाशी आल्यावर बंडप्पानं आपला सल्ला दिला. माणूस व्यापारी, पण मनानं बरा. जुनी गाडी खपवायची म्हणून नव्हे, खरंच वाटलं म्हणून सांगत होता. "वकीलसाब, रोजच्या चालीला हिरवीच बरी बघा. निळी लई खाली हाय. उस्मानाबादच्या रस्त्याला पोट घासंल." हे निळीकडं गेले, डावीकडचं दार उघडलं आणि साऱ्या जळकोटासमोर मला म्हणाले, "बसून बघ."

मला. आईच्या तोंडून नव्हे, थेट मला. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बसले. हे फेरी मारून दुसऱ्या बाजूनं आत आले आणि काचेतून बंडप्पाला म्हणाले, "मुद्दालेहच्या बाजूनं निकाल."

बंडप्पाचा चेहरा पांढरा पडला. वकिलानं गाडीत बसून मुद्दालेह काढला, म्हणजे गाडीवर कुणीतरी दावा ठोकलाय, अशी त्याची समजूत झाली. "कसला दावा साब? म्या आईची आन घेतो, कागदं साफ हायत," असं म्हणून तो कागद आणायला आत धावला. त्याची समजूत घालेपर्यंत हे आणि मी दोघंही हसत होतो. एकाच वेळी, एकाच गोष्टीला, लोकांदेखत.

घरी आम्ही निळीतून निघालो. काय सुख होतं ते मी कसं सांगू? रस्ता समोरून येत होता आणि दोघांना एकदमच दिसत होता. ज्वारीची पोटरीतली शेतं, आडवी आलेली शेळी, चुकलेलं वळण. सगळ्यावर बोललो. मुळ्याच्या भाजीपासून हाकिमांच्या मिशीपर्यंत. वाटेत एकदा पोट घासल्याचा आवाज आला. हे म्हणाले, घासू दे. डाव्या हाताला ऊन लागत होतं, पायाशी इंजिनाची धग होती, तरी तुळजापूर आणखी चार गावं पुढं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

गाव दिसू लागलं तसा ह्यांचा वेग कमी झाला. कपाळावर घाम. आईला काय सांगायचं, असं मला विचारलं. मी म्हटलं, वकील तुम्ही आहात.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. मी उतरायला दार उघडलं, पण त्यांना बघून तशीच बसून राहिले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागं जाऊन पेटीवर हातानं ठोकलं आणि म्हणाल्या, "उघड." हे म्हणाले, तिच्यात नुसतं जादा चाक आहे.

"मग शामलानं बसायचं कुठं?"

उंच चाकं, पेट्रोल, गळणारं टप, बटणाचा स्टार्टर. महिनाभर घोटलेले सगळे मुद्दे ह्यांच्या तोंडाशी असणार. एकही बाहेर आला नाही.

"शेजारीच," हे म्हणाले. "दुसरी जागाच नाही गं आई. मी तरी काय करू?"

सासूबाई ह्यांच्याकडं बघत राहिल्या. अशी गाडी पोरानं का शोधून काढली, ते त्यांना कळलं आणि मलाही त्याच क्षणी कळलं. दहा-बारा वर्षं ती हौस एकट्या माझीच नव्हती.

"तुझ्या वडलांना असली गाडी कधी मिळाली नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या माझ्या बाजूला आल्या, आणि मी उतरायला उघडलेलं दार त्यांनी बाहेरून लावून घेतलं.