न्याहारीच्या वेळचा पीएच

मंजूषाला कोळंबीतलं सगळं कळतं, असं तिच्या माहेरी ठाम मत होतं. का नसावं? बाई नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात कोळंबीवर डॉक्टरेट करून तिथेच शिकवायला लागलेली. माणूस म्हणून साधी. सायकलवरून बाजारहाट करणार, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला पोळ्या लाटायला सगळ्यांच्या आधी पोहोचणार. खोड एकच, दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही. शेजारणीने लाटलेली पोळीसुद्धा ही उलटून बघणार!

तिचा मोठा भाऊ संजीव याने पुण्यातली नोकरी सोडून पालघरकडे खाडीकाठी कोळंबीचं तळं घेतलं. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडलं आणि लगेच लॉकडाऊन लागला. सल्ला द्यायला येणारा तंत्रज्ञ गुजरातेत अडकला. तळ्यावर उरले दोघंच, संजीव आणि सोलापूरकडचा राखणदार दत्ता.

"घाबरतोस काय दादा? मी आहे ना," मंजूषा म्हणाली.

दत्ता पहाटे उठून पाण्याचा पीएच मोजायचा आणि संजीव आकडा पाठवायचा. चार दिवसांत मंजूषा वैतागली.

"दादा, तो दत्ता मीटर नीट धुतो तरी का? आणि तुमची पहाट म्हणजे इथे मध्यरात्र रे, झोपेचं खोबरं होतं माझ्या. मी उठले की व्हिडिओ कॉल लावा आणि माझ्या डोळ्यांदेखत मोजा."

"जशी आज्ञा, डॉक्टरीणबाई!"

मग रोज तसंच सुरू झालं. इकडे मंजूषा पावाला चीज लावतेय, तिकडे ऊन चांगलं चढलंय आणि दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहून मीटर बुडवतोय. आकडा यायचा आठच्या थोडा वर. कोळंबीला हवा अगदी तेवढाच.

"झकास!" मंजूषा म्हणायची.

एकदा दत्ता मागून म्हणाला, "ताई, पाणी लई हिरवं झालंय."

"आकडा बरोबर आहे ना? मग झालं तर!" असं म्हणून तिने कॉफी संपवली आणि कॉल बंद केला.

मे महिन्यात एका दिवशी कोळंबी काठाला येऊन तडफडायला लागली. दुसऱ्या दिवशी काठाकाठाने मेलेल्या कोळंबीचा थर साचला होता. संजीव फोनवर लहान मुलासारखा रडला.

"तुझे आकडे शेवटपर्यंत बरोबर होते गं," तो म्हणाला. "हा दत्ताच झोपला असणार, पाण्यात हवा खेळवणारे एरेटर बंद पडले असणार. हाकलून दिलं त्याला."

"माणसं अशीच असतात रे," मंजूषा म्हणाली. म्हणाली, बरं का! स्वतःच्या तोंडाने.

शरद ऋतूत ती घरूनच वर्ग घेत होती. कोळंबीच्या तळ्याचा पीएच कधी मोजायचा, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. यात काय अवघड? मंजूषाने घडाघडा सांगितलं. दोनदा, सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी. उन्हात पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पीएच चढत जातो, रात्री तो उतरतो. दुपारी फार चढला, तर पाण्यातला अमोनिया विषारी होतो. अधल्यामधल्या वेळी एकदाच मोजलं तर आकडा छानच दिसेल आणि तुम्ही फसाल.

बोलून झालं आणि तिला न्याहारीच्या वेळचा तो रोजचा व्हिडिओ कॉल आठवला. विद्यापीठातल्या तिच्या कोळंबीच्या टाक्या छताखाली. तिथे ऊन नाही, शेवाळ नाही, पीएच दिवसभर जागचा हलत नाही. वर्षानुवर्षं त्या टाक्यांत वावरून ती दादाच्या तळ्यावरचं ऊनच विसरली होती. नेट गेल्याचा बहाणा करून तिने वर्ग संपवला.

आणि लगेच फोन केला? छे! हिवाळाभर मूग गिळून बसली. घरकोंडी तर सगळ्यांनाच होती, पण हिला घास गोड लागेना. दत्ताचं नाव निघालं की ती विषय बदलायची. संजीव पुढच्या उन्हाळ्यात नवं बीज सोडायला निघाला आणि म्हणाला, "यंदाही तूच बघ, राखणदार मात्र विश्वासाचा शोधतो," तेव्हा तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं.

संजीव म्हणाला, "मंजू, मी त्या माणसाला काय काय बोललो गं!"

"नंबर दे त्याचा. मीच बोलते."

दत्ता गावी होता. आवाज ओळखताच म्हणाला, "ताई! बरं हाय न्हवं तुमच्याकडं? तिकडंबी लई रोगराई हाय म्हनं."

"दत्ता, मला माफ करा," मंजूषा म्हणाली. "तळं तुमच्यामुळे मेलं नाही. चूक माझी होती."

"न्हाई वो ताई. मालक बोलले ते खरंच हाय. त्या दुपारी माझा डोळा लागला हुता जरासा. तवापास्नं दुपारचा आडवा झालो न्हाई बगा कधी."

मंजूषाला रडू कोसळलं. डोळे पुसत ती समजावू लागली, ऊन, शेवाळ, मोजायची वेळ. पहाटे मोजायचं बंद तिनेच करायला लावलं होतं, हेही तिने दोन-दोनदा सांगितलं. दत्ता "व्हय, व्हय" म्हणत राहिला. रडणाऱ्या माणसाची समजूत काढावी, तसा.

"पुरं आता, ताई," शेवटी तो म्हणाला. "मालक बोलले त्ये मला लागू नये म्हून तुमी सोताच्या अंगावर घेताय, कळतंय मला. यवढ्या शिकलेल्या तुमी, तुमी कशा चुकाल?"