आबांनी न घेतलेली आरती

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ऑफिसात श्रीकांतचा फोन आला. ‘आबा गेले गं...’ एवढंच म्हणाला. श्रीकांत आमचा वेस्ट विंडसरमधला शेजारी आणि आबा त्याचे वडील. तरुणपणी ते ब्रह्मदेशच्या लढाईत होते, पाठीवर आग फेकणारं यंत्र, फ्लेमथ्रोअर, घेऊन. म्हातारपणी मुलाकडे अमेरिकेत आले, ते साताऱ्याचा हेका जसाच्या तसा घेऊन.

दर शनिवारी आम्ही चार घरं आपापला पदार्थ घेऊन श्रीकांतकडे पॉटलकला जमायचो आणि व्हीसीआरवर सिनेमा बघायचो. आबांना आवडतील म्हणून युद्धाच्या टेप मीच हौसेनं भाड्यानं आणायचे. पडद्यावर ते यंत्र आलं की आबा सरसावून बसत. ‘हा कसला जाळ! नुसता गॅस. भसकन वर जातोय बघ. आमचा घट्ट तेलाचा, सरळ जायचा नि चिकटायचा. आणि टाक्या पाठीवर घेऊन हा हिरो पळतोय? अरे, नुसतं चालताना कंबर मोडायची!’ आमची हसून मुरकुंडी वळायची. श्रीकांतचा रोहन ‘आजोबा, वन मोर टाइम!’ म्हणत टेप रिवाइंड करायचा. एकदा मी म्हटलं, ‘आबा, तुम्हीच डायरेक्टर व्हायला हवं होतं. अजून काय काय चुकलंय?’ ते म्हणाले, ‘आवाज... यंत्राचा आहे. खंदकातल्या माणसांचा नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तसली टेप मी कधी आणली नाही.

त्याच वर्षी गणपतीत मला पहिल्यांदा शंका आली. आबा घसा फोडून आरत्या म्हणत, पण तबक समोर आलं की तसंच पुढे सरकवत. इतकी वर्षं आम्ही तो त्यांचा विक्षिप्तपणा समजत होतो. मी हळूच विचारलं, ‘आबा, आरती नाही घेत?’

‘या हातांनी कसली आरती घ्यायची गं...’

निरांजनावर मी माझेच तळवे धरले आणि त्यांच्या डोळ्यांना लावले. ते डोळे मिटून बसून राहिले. पुढे दरवर्षी तबक जवळ आलं की आबा आधी माझ्याकडे बघत. त्या बघण्याचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

सुतक फिटल्यावर, गेल्या आठवड्यात श्रीकांतकडे गणपती बसले. आबांची खुर्ची अजून टीव्हीसमोरच आहे. आरती संपली, तबक माझ्यापुढे आलं. मी ज्योतीवर तळवे धरले आणि सवयीनं खुर्चीकडे वळले... तळवे निवेपर्यंत तशीच उभी राहिले.