वसंताने शिकवलेली बाउंड्री

मंडळी, आज सकाळी नातीने फोनवर विचारलं, "आजोबा, एज, बॉर्डर आणि बाउंड्री, फरक काय?"

मी सांगितलं, "विहिरीची कड ती एज. लुगड्याचा काठ ती बॉर्डर. दोन वाड्यांमधलं कुंपण ती बाउंड्री."

"किती सोप्पं! कुणी शिकवलं?"

"वसंताने," म्हणालो आणि फोन ठेवला.

वसंता माझा चुलतभाऊ. पन्नास-बावन्न सालची गोष्ट. भुईगावच्या आमच्या केळीच्या वाडीत तो मला इंग्रजी शिकवायचा. मग आमच्या वडिलांची भांडणं झाली, वाडीत कुंपण आलं आणि आमचं बोलणं कायमचं तुटलं. गेल्या महिन्यात तो गेला.

आज दुपारी पहिल्यांदाच कुंपणापलीकडे, वसंताच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. ओट्यावर थोडा वेळ बसून परत आलो.

तुमचंही कुणाशी बोलायचं राहिलंय का?