प्रार्थनेचा तिसरा विषय

पपा गेले त्याला आज सात आठवडे झाले. रूथचा, माझ्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी दोहाच्या वेस्ट बेमधल्या ऑफिसात एका टॉवरच्या काँक्रीटची मापं तपासत होतो. "अहो, पपा उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. श्वास बघितलास का, असं मी दोनदा विचारलं. तिने बघितला होता. अल मुंतझातल्या घरी पोचायला सव्वीस मिनिटं लागली आणि त्या सव्वीस मिनिटांत मला रडू आलं नाही. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी लिहून घ्यायला नकार दिला होता... आणि आता ते पुन्हा सांगणार नव्हते, एवढंच डोक्यात होतं.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. मी दहा वर्षांचा असताना पपा आई आणि मला घेऊन दक्षिण आफ्रिकेत मिशनरी म्हणून गेले. जोहान्सबर्गपासून तासाभरावर एक टाउनशिप होती. काळ्या लोकांना शहराबाहेर ठेवण्यासाठी जुन्या राजवटीने बांधलेली वस्ती, चार खोल्यांची एकसारखी घरं, मागे पत्र्याच्या खोल्या. तिथे आम्ही नऊ वर्षं राहिलो. पपांना सगळे म्फुंदिसी म्हणत, म्हणजे पाळक. तिथे माणसाला शनिवारी पुरतात. पपांच्या वहीत नऊ वर्षांत एकशे त्र्याऐंशी अंत्यविधींची नोंद आहे, त्यातले बहुतेक तरुण, एड्सने गेलेले. घरची माणसं ज्यांना हात लावत नव्हती अशा रोग्यांना पपांनी स्वतः अंघोळ घातली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते कमी करून सांगणार नाही. पण शनिवार मेलेल्यांचा आणि रविवार देवाचा झाल्यावर आमचा वार कुठला, ते कधी ठरलं नाही. घराला कडी नव्हती. कोणी आलं की माझी खोली त्याची व्हायची आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचो.

दर तीन महिन्यांनी पपा प्रार्थनापत्र लिहायचे. नगर आणि जालन्याकडच्या सेहेचाळीस चर्चमध्ये ते जायचं आणि रविवारी उपदेशाआधी मोठ्याने वाचलं जायचं. आधी कामाची हकिकत, शेवटी प्रार्थनेचे तीन विषय. मिशनरीच्या घरात हे पत्र म्हणजे काय असतं, ते बाहेरच्यांना कळणार नाही. घरात जे काही दुखेल, बिघडेल, ते तीन विषयांत जाऊन बसतं. आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन गेलं, माझं गणितात नापास होणं गेलं. पपांचं स्वतःचं मात्र कधी काही गेलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा आमच्या रस्त्यावर गोळीबार झाला, आणि त्या आठवड्यापासून मी अंथरूण ओलं करू लागलो. आई म्हणाली, "अहो, लेकराचं हे पत्रात घालू नका."

"मग लोकांनी मागायचं काय देवाजवळ? लपवलेल्या गोष्टीसाठी कोण गुडघे टेकतं?"

तिसरा विषय गेला. "आमच्या सुहासला अकराव्या वर्षी अंथरुणात लघवी होते, आठवड्यातून चार वेळा." पुढच्या वर्षी रजेवर गावी गेलो. चर्च भरलेलं होतं. एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भर सभेत विचारलं, "ह्योच का रं त्यो मुतणारा? आता बरं हाय ना, बाळा? रोज मागतो आम्ही तुझ्यासाठी." मागच्या चटईवरची पोरं हसत सुटली. दीड महिना मला त्या गावात "चार वेळा" हेच नाव होतं. "चार वेळा, बॅटिंगला ये." "चार वेळा, पाणी कमी पी." संध्याकाळी पपा खुशीत होते. "बघितलंस, किती लोक तुझी आठवण ठेवतात!" मी त्यांच्याशी तेव्हापासून गरजेपुरतं बोलायला लागलो, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

आई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, मी पपांना माझ्याकडे दोहाला आणलं. त्यांची चाकरी थांबली नाही. शहराबाहेर बिरकत अल अवामेरला कामगारांचे कॅम्प आहेत, तिथून केनिया-युगांडाचे चार-पाच सिक्युरिटी गार्ड सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला यायचे, आमच्या हॉलमध्ये बसून त्यांच्याशी घरची सुखदुःखं बोलायचे. प्रार्थनापत्र आता व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. ग्रुपमध्ये दोनशे बारा माणसं, अर्धी नगरकडची, अर्धी त्या टाउनशिपमधली. गेल्या वर्षी पपांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा लघवीवरचा ताबा गेला. त्यांची चादर रूथ बदलायची. मी एकदाही बदलली नाही. हात दुखतात म्हणून त्यांनी पत्र मला टाईप करायला सांगितलं, "दोन विषय सांगतो, तिसरा तुझ्या मनाने लिही," म्हणाले. मी लिहिलं, "पास्टरांना एकोणऐंशीव्या वर्षी अंथरुणात लघवी होते, आठवड्यातून चार वेळा." मराठीत आणि इंग्रजीत. आणि पाठवलं. इतक्या वर्षांनी मी तेच वाक्य शब्दाला शब्द ठेवलं होतं, फक्त नाव आणि वय बदलून.

आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, नाओमीने, ते आजोबांच्या फोनवर वाचलं. ती माझ्याशी मराठीत कधीच बोलत नाही. "पापा, धिस इज सो मीन. ही कान्ट हेल्प इट." मी तिला म्हटलं, तुला माहीत नाही. "आय डोन्ट वॉन्ट टु नो," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी वाट बघत होतो की पपा काय म्हणतात. त्यांना आठवावं, त्यांनी एकदा मान खाली घालावी, एवढंच मला हवं होतं. त्यांनी चष्मा लावला, पत्र हळूहळू वाचलं आणि मला हाक मारली. "सुहास, एक चूक आहे. चार नाही, या आठवड्यात पाच वेळा झालं. रूथला विचार." मग माझा हात धरला. "पण पत्र चांगलं लिहिलंस. मला वाटायचं, माझं हे काम माझ्याबरोबर जाणार. तू करशील असं वाटलं नव्हतं मला." त्यांचे डोळे भरले होते. मी सूड घेतला होता आणि त्यांना वाटलं, मुलगा सेवेत आला! टाउनशिपमधून एका बाईने आवाजी निरोप पाठवला, तिच्या नवऱ्याला पपांनीच शेवटची अंघोळ घातली होती. ती म्हणत होती, म्फुंदिसी, लाज नको वाटून घेऊ, आमची तू कुठे वाटून घेतली होतीस. पपांनी तो निरोप मला तीनदा ऐकवला.

मग दर आठवड्याला, शुक्रवारच्या माझ्या सुट्टीत, पत्र सुरू झालं. ते स्वतःच्या शरीराची एकेक गोष्ट सांगायचे, मी टाईप करायचो. नळी, फोड, वास, जुलाब... काही गाळू द्यायचे नाहीत. मी कंटाळलो, तेव्हा म्हणायचे, "यल्ला, लिही, लिही," गार्डांकडून उचललेला अरबी शब्द, म्हणजे चल. मी मागितली होती ती शिक्षा त्यांना होत नव्हती, ती मला होत होती. आणि मी त्यांना खरं सांगितलंही नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण त्यांचा आनंद मोडायची हिंमत नव्हती की त्यांना माफ करायची तयारी नव्हती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या पत्राच्या दिवशी पहिले दोन विषय झाले. "तिसरा लिही," म्हणाले, "माझ्या मुलाला लहानपणी मी चारचौघांत उघडं पाडलं. त्याने माझ्यावर तेच पत्र उलटवलं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याला माझ्याबद्दल..."

"पपा, खलास, बस झालं," मी म्हणालो. "हे घरातलं आहे. हे दोनशे लोकांना पाठवायचं नाही."

"मग कुणाला सांगू?"

"मला सांगा ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण त्यांना ते जमेना. पत्राशिवाय कबुली देण्याची सवय त्या माणसाला नव्हती. "असू दे," म्हणाले, "दोनच पाठव." मी दोनच पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी रूथचा फोन आला.

शवपेटी विमानाने आणि पुढे गाडीने नगरला नेली. तिथल्या पाळकांनी शेवटचं पत्र वाचून दाखवलं, दोन विषयांचं. आता त्यांची खोली नाओमीच्या अभ्यासासाठी झाली आहे, पण दर शुक्रवारी सकाळी मी फोन घेऊन तिथे पलंगाच्या कडेला बसतो आणि नाओमी न सांगता बाहेर जाते. ग्रुपमध्ये लोक विचारतात, या आठवड्यात काय मागायचं? मी सात आठवडे काही लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी काहींच्या चर्चमध्ये माझं अंथरूण वाचलं गेलं असेल, म्हणून हे इथे छापायला देतो आहे. पपांचा तिसरा विषय असा होता, की त्यांच्या मुलाला त्यांच्याबद्दल... पुढचं मी त्यांना बोलू दिलं नाही.