बंद कोंदणातला रंग

दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून मी भर दुकानात जाहीर केलं, की हिऱ्यात काळी रेघ आहे, चांगली ठळक. काउंटरपलीकडच्या मुलीने मला नम्रपणे डोळ्याची उघडझाप करायला सांगितलं. रेघ हलली. तो माझ्याच पापणीचा केस होता.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने एवढं केल्यावर तोंड उघडायची सोय राहत नाही. म्हणून टाय लावलेल्या विक्रेत्याने पुढे जे सांगितलं त्याला मी मुकाट मान डोलावली. त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

कुड्या माझ्या सासूबाईंच्या. सात-सात हिऱ्यांच्या, मागून सोन्याने बंद. तंजावुरात त्यांना तोडु म्हणतात, आमच्या घरीही आता तेच म्हणतो. बायकोने त्या स्वतःच्या लग्नात घातल्या होत्या, आता लेकीच्या कानांत घालायच्या होत्या. दुकानात गेलो ते नुसतं पॉलिश करायला. त्या विक्रेत्याने दिव्याखाली अर्धा मिनिट धरून निकाल दिला: रंग पिवळा, दर्जा खालचा. वर आवाज बारीक करून म्हणाला, असल्या खड्यांना दोषम् असतो, अपशकुन होतो, मुलीला कशाला देता, मोडून प्रमाणपत्रवाले नवे घ्या. बायकोने कुड्या रुमालात बांधल्या. घरी आल्यावर म्हणाली, मोडायच्या तर मोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुड्या घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सोनाराकडे, आसारींकडे गेलो. त्यांचा सगळा जन्म खडे बसवण्यात गेलेला. मी निकाल सांगितला तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"सोन्यात बसलेल्या खड्याचा रंग कोण सांगतो, सार?"

मग त्यांनी तमिळमध्ये माझी शाळाच घेतली. मागून बंद कोंदणात सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो. रंग बघायचा तर खडा मोकळा करायचा, पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवायचा, शेजारी ज्याचा रंग ठाऊक आहे असा खडा ठेवायचा आणि बाजूने बघायचं. वजनही मोकळ्याचंच. पैलू नीट पडलेत का ते वेगळं, आत डाग आहेत का ते भिंगातून वेगळं. आणि त्या टायवाल्याने हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं होतं! सांबारात बुडालेली इडली बघून तांदूळच पिवळा म्हणायचं, त्यातली गत. आणि मी, दोन पदव्या घेतलेला माणूस, तिथे मान डोलावत होतो.

खडे काढायला बायकोला फोन करून विचारलं. काढू दे, एवढंच म्हणाली. कोंदणाच्या तळाशी तेलाचा आणि शिकेकाईचा इतक्या वर्षांचा काळपट थर होता. धुतल्यावर एका कुडीचे सातही खडे कागदावर मांडले. शेजारी आसारींचा खडा. आमचे त्याच्याइतकेच पांढरे. एकाला मात्र कडेशी पिसासारखी बारीक चीर. पापणी आवरून बघितली, चीर होतीच. आसारी म्हणाले, खडा फुटणार नाही, पण याचा दर्जा उतरतो, हे खरं आहे, मुलीपासून लपवू नका.

घरी येऊन मी पंख्याखाली उभा राहून भाषण केलं. आत्ता जातो, त्या माणसाला सगळ्यांसमोर जाब विचारतो, दोषम् म्हणे! चिरेचं अगदी शेवटी सांगितलं, तेही आवाज उतरवून.

बायको भाजी निवडत होती. "चीर मला माहीत आहे," ती म्हणाली. "लग्नात कानात घालताना आईनंच दाखवली होती. दुकानदार काय, तो विकायला बसलाय. तुम्ही मान डोलावलीत, त्याचं मला लागलं. आता लेकीला फोन लावा, चिरेसकट सांगा. आणि आसारींना म्हणावं, नवं कोंदण मागून उघडं ठेवा."